हृदय रक्तवाहिन्यांना काय सांगतं?

वडगावच्या मामांचा फोन आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. महिनाभर दम लागत होता, संध्याकाळी पाय सुजत होते, म्हणून त्यांनी बेळगावातच डॉक्टरांना दाखवलं होतं. रक्ताचा रिपोर्ट नुकताच हातात पडला होता.

"अगं, ह्यात 'एनटी-प्रोबीएनपी' म्हणून काहीतरी आहे. सव्वाशेच्या आत पाहिजे म्हणे, माझं दोन हजाराच्या वर गेलंय. साखर वाढली की साखरेची गोळी देतात की नाही? मग हे उतरवायची गोळी द्या म्हणून सांग की डॉक्टरांना."

मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण मामांच्या प्रश्नात एक गैरसमज होता आणि तो फार जणांचा असतो. साखर वाढली, कोलेस्टेरॉल वाढलं की ते वाईट आणि खाली आणायचं, हे आपल्या अंगवळणी पडलंय. हा आकडा त्या जातीचा नाही. तो ज्या पदार्थाची चाहूल देतो, तो पदार्थ हृदयाने स्वतःच्या आणि रक्तवाहिन्यांच्या बचावासाठी सोडलेला असतो. आकडा वाढलाय याचा अर्थ हृदयावर ताण आहे, हे खरं. पण ताण देणारा तो नव्हे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वडगावला गेले आणि मामांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

हृदय म्हणजे पंप, हे आपण पाचवी-सहावीपासून शिकतो. ते ग्रंथीही आहे, हे मात्र जगालाच उशिरा कळलं. १९५६ मध्ये ब्रुनो किश यांना गिनीपिगच्या हृदयाचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना वरच्या दोन कप्प्यांच्या (म्हणजे कर्णिकांच्या) स्नायुपेशींत गडद दाणे दिसले. १९६४ मध्ये जेमिसन आणि जॉर्ज पालाडे यांनी त्या दाण्यांचं बारकाईने वर्णन केलं. संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, तयार करणाऱ्या ग्रंथींच्या पेशींत जसे दाणे असतात तसेच हे होते. स्नायूच्या पेशीत ग्रंथीचं सामान कशाला? उत्तर मिळायला १९८१ उजाडलं. कॅनडातल्या किंग्स्टन गावी अडॉल्फो डी बोल्ड या मूळच्या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या कर्णिकांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेत सोडला. काही मिनिटांत लघवीवाटे जाणारं मीठ ३० पटींहून जास्त वाढलं, लघवी १० पट झाली आणि रक्तदाब उतरला. हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा अर्क दिला तेव्हा तसं काहीच झालं नाही. मला हा प्रयोग फार आवडतो. त्यात यंत्रांचा डामडौल नव्हता. प्रश्न मात्र नेमका विचारलेला होता.

त्या अर्कातलं औषधी द्रव्य म्हणजे २८ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. तिला एएनपी म्हणतात. कर्णिकांत रक्त जास्त भरलं आणि भिंत ताणली गेली की ती बाहेर पडते, मूत्रपिंडाला मीठ-पाणी बाहेर टाकायला लावते आणि दोन-तीन मिनिटांत तिचा निम्मा साठा संपतो. याचा अनुभव आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नकळत घेतला आहे. उन्हाळ्यात विहिरीत पोहायला उतरलं की थोड्याच वेळात लघवीला का लागते? गार पाण्यामुळे, असं आपण म्हणतो. थंडीचा भाग त्यात आहेच, पण पाणी कोमट असलं तरीही हे घडतं. पाण्याच्या दाबाने पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे ढकललं जातं, कर्णिका ताणल्या जातात आणि हृदयाला वाटतं की अंगात पाणी जास्त झालंय. मग एएनपी सुटतं, शिवाय पाणी धरून ठेवणारं दुसरं एक संप्रेरक कमी होतं.

१९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत याचं एक भावंड सापडलं. मेंदूत मिळालं म्हणून त्याच्या नावात मेंदू आला आणि ते बीएनपी झालं. पुढे कळलं की ते मुख्यतः हृदयातच तयार होतं, आणि हृदय थकलं की खालच्या कप्प्यांतून भरपूर येतं. नाव मात्र तेच राहिलं. पेशी आधी एक लांब साखळी बनवते, मग तिचे दोन तुकडे होतात. एक तुकडा म्हणजे काम करणारं बीएनपी आणि दुसरा, काही काम न करणारा पण रक्तात जास्त वेळ टिकणारा तुकडा म्हणजे मामांच्या रिपोर्टमधलं एनटी-प्रोबीएनपी. टिकाऊ असल्यामुळे मोजायला सोयीचा, एवढाच त्याचा उपयोग. तिसरं भावंड सीएनपी १९९० मध्ये मिळालं. ते हृदयापेक्षा रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून जास्त येतं. पुढच्या गोष्टीत त्याचं काम मोठं आहे.

"म्हणजे हे लघवीचं औषध झालं," मामा म्हणाले. बरेच जण इथेच थांबतात. पण मूत्रपिंडाइतकंच या संप्रेरकांचं लक्ष रक्तवाहिन्यांच्या भिंतीकडे असतं.

मामांच्या मागच्या खोलीत दोन माग आहेत. मामी कांड्या भरत बसल्या होत्या, म्हणून मी त्यांच्याच हातातली कांडी घेतली. धमनीची भिंत अशीच असते. आत पोकळ नळी, तिला एका पेशीच्या जाडीचं गुळगुळीत अस्तर आणि त्याभोवती सूत गुंडाळावं तशा आडव्या वळणाने बसलेल्या अरेखित स्नायूंच्या पेशी. त्या आवळल्या की नळी अरुंद होते, सैल पडल्या की रुंद. सूत जास्त गुंडाळलं तर कांडी बाहेरून जाड होते. धमनीत मात्र ही जाडी बरेचदा आतल्या बाजूला येते. तालमीत घाम गाळणाऱ्या मल्लाचा दंड बाहेर फुगतो आणि आपण कौतुक करतो. धमनीच्या स्नायूने अंग धरलं तर रक्ताची वाटच अडते. अडते किती? नळीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाला त्यातून जाणारं रक्त निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. भिंत थोडी जाड झाली तरी हृदयाला केवढं जास्त रेटावं लागत असेल, हे या एका आकड्यावरून कळतं.

या स्नायुपेशींचा स्वभाव वेगळाच आहे. हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या पेशी एकदा तयार झाल्या की त्यांचं काम ठरलेलं. धमनीतल्या या पेशी मात्र धंदा बदलू शकतात. आपल्याकडे माग चालवणारे कितीतरी जण पाऊस सुरू झाला की माग बंद ठेवून गावाकडे भाताच्या रोप लावणीला जातात. माणूस तोच, हातातलं काम वेगळं, आणि हंगाम सरला की पुन्हा मागावर. निरोगी प्रौढ धमनीत या पेशी आवळण्या-सैलावण्याचं काम करतात आणि क्वचितच विभागतात. पण भिंतीला इजा झाली, दाब सतत जास्त राहिला, अस्तर बिघडलं की त्या आवळण्याचं काम सोडतात, विभागायला लागतात, आतल्या बाजूला सरकतात आणि आजूबाजूला तंतुमय पदार्थ रचत जातात. जखम भरायला हे हवंच असतं. घोटाळा होतो तो ही माणसं वेळेवर मागाकडे परतली नाहीत तर.

त्यांना वाढायला सांगणारेही रक्तात असतात. सर्वांत ओळखीचा अँजिओटेन्सिन-२. शरीराला रक्त कमी पडतंय असं वाटलं की तो वाढतो, धमन्या आवळतो, मीठ धरून ठेवतो आणि त्याच्या जोरावर स्नायुपेशी आकाराने फुगतात. धमन्या आवळणारं एंडोथेलिन आहे. इजेच्या जागी गोळा झालेल्या रक्तबिंबिकांतून, म्हणजे प्लेटलेट्समधून सुटणारा वाढ-घटक आहे; तो पेशींची संख्या वाढवतो. म्हणजे भिंत दोन वाटांनी जाड होते. आहेत त्याच पेशी मोठ्या होतात किंवा पेशीच जास्त होतात.

या दोन्ही वाटांवर हृदयाची संप्रेरकं आडवी येतात. १९८९-९० च्या सुमारास काचेच्या बशीत वाढवलेल्या धमनीच्या स्नायुपेशींवर एएनपी सोडून पाहिलं गेलं. पेशींची संख्यावाढ मंदावली, आणि त्यांचं फुगणंही. मग सीएनपीनेही पेशींच्या विभाजनाला लगाम बसतो, असं दिसलं. पुढे असंही दिसलं की या पेशी आपल्या जागेवरून सरकणंसुद्धा कमी करतात.

हे घडतं कसं, ते थोडं नीट पाहू. संप्रेरक पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या अंगावर ग्राही नावाचे रेणू असतात, त्यांच्यावर ते येऊन बसतं. एएनपी आणि बीएनपी यांचा ग्राही 'ए', सीएनपीचा ग्राही 'बी'. ग्राहीचं बाहेरचं टोक संप्रेरक ओळखतं आणि आतलं टोक एक छोटा निरोप्या तयार करायला लागतं. त्याचं नाव सीजीएमपी. हा निरोप्या आत एका विकराला (म्हणजे एन्झाइमला), प्रोटीन कायनेज-जीला, कामाला लावतो. मग दोन गोष्टी होतात. पेशीतलं मोकळं कॅल्शियम उतरतं, आणि कॅल्शियमशिवाय स्नायू आवळत नाही, म्हणून धमनी सैलावते. हा परिणाम चटकन दिसतो. दुसरा सावकाश होतो. 'वाढ, विभाग' असा निरोप पेशीच्या बाहेरून केंद्रकापर्यंत हातोहात पोचवणारी विकरांची एक साखळी असते, विहिरीवरून घरापर्यंत घागरी पोचवणाऱ्या बायकांच्या रांगेसारखी. सीजीएमपी त्या रांगेत मध्येच खीळ घालतं. अँजिओटेन्सिन बाहेरून कितीही ओरडला तरी निरोप केंद्रकापर्यंत पोचत नाही आणि पेशी विभाजनाच्या पहिल्याच पायरीवर थबकते.

तिसरा ग्राही 'सी'. त्याचं मुख्य काम ही संप्रेरकं उचलून पेशीत ओढणं आणि संपवणं. निरोप वेळेवर थांबणंही गरजेचं असतं.

मला सर्वांत नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. धमनीच्या भिंतीत शांतपणे काम करणाऱ्या स्नायुपेशीवर 'ए' ग्राही महत्त्वाचा असतो. ती हृदयाचं ऐकते. तीच पेशी बशीत वाढवली, धंदा बदलून विभागायला लागली, की तिच्यावर 'बी' ग्राहीचं प्रमाण वाढतं. म्हणजे आता ती लांबच्या हृदयापेक्षा शेजारच्या अस्तरातून येणाऱ्या सीएनपीचं जास्त ऐकते. इजा झालेल्या जागी हे किती उपयोगाचं ठरेल! अस्तर पुन्हा भरून आलं की तेच खालच्या पेशींना सांगतं, आता पुरे. आणि अस्तरच बिघडलेलं राहिलं तर सांगणारं कोणी उरत नाही. तंबाखूचा धूर हे अस्तर बिघडवतो. निपाणीच्या आसपास ज्या घरांचं पोट तंबाखू-विडीवर चालतं, त्यांना हे सांगताना मला जड जातं, पण सांगावं लागतंच.

याच सीएनपीची आणखी एक तऱ्हा आहे. धमनीच्या स्नायूला 'वाढू नको' म्हणणारं हे संप्रेरक मुलांच्या हाडांना मात्र वाढवतं. हे सांगितल्यावर मामा गोंधळले. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही 'बा' म्हणालात तर आपल्या घरात तो बाप, आणि शेजारच्या कन्नड घरात त्याचा अर्थ 'ये'." सीमेवरच्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही. खरं तर दोन्हीकडे सीएनपी एकच काम करतं, ते त्याच विकरांच्या रांगेत खीळ घालतं. धमनीत त्या रांगेतून 'वाढ' असा निरोप जात असतो, तो अडला की वाढ थांबते. हाडाच्या टोकाच्या कूर्चेत त्याच रांगेतून 'थांब' असा निरोप जात असतो, तो अडला की हाड लांब होतं. या ज्ञानातून व्होसोरिटाइड हे सीएनपीसारखं औषध तयार झालं. अकाँड्रोप्लासिया या खुजेपणाच्या आनुवंशिक विकारात हाडांना 'थांब' म्हणणारा निरोप गरजेपेक्षा जास्त जोरात असतो. अशा मुलांसाठी युरोपात आणि अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

बशीतल्या पेशींवर जे दिसतं ते जसंच्या तसं माणसात घडतं असं मात्र धरून चालायचं नाही. उंदरांच्या शरीरातून 'ए' ग्राही पूर्ण काढून टाकला, तर त्यांचा रक्तदाब चढतो आणि हृदय जाड होतं. म्हणून वाटलं, स्नायुपेशीवरचा ग्राही गेला की सगळं बिघडतं. मग फक्त धमनीच्या स्नायूंतून तो ग्राही काढून पाहिला. एएनपी दिल्यावर धमन्या सैलावणं थांबलं, पण एरवीचा रक्तदाब चढला नाही. अस्तरातला ग्राही काढला तेव्हा मात्र चढला. अस्तर, मूत्रपिंड, स्नायू अशा अनेक जागांवर ही संप्रेरकं एकाच वेळी काम करतात आणि एक जागा कमी पडली तर दुसऱ्या सांभाळून घेतात. भिंत जाड होणं हे तर वर्षानुवर्षांचं काम. ते माणसात मोजणं अवघड आहे.

वाढीचा हा प्रश्न आपल्या ओळखीच्या माणसांपर्यंत येतो तो स्टेंटमुळे. अडलेल्या धमनीत फुगा फुगवून जाळीची नळी बसवली की भिंतीला इजा होते आणि स्नायुपेशी आत सरकून वाढू लागतात. साध्या धातूच्या स्टेंटच्या काळात सुमारे पाचातल्या एका माणसाची, कधी त्याहून जास्त जणांची ती जागा पुन्हा अरुंद व्हायची. उंदरांत आणि सशांत सीएनपी वापरून ही वाढ कमी करता आली होती. प्रत्यक्षात दवाखान्यात मात्र दुसरी औषधं पोचली. आजच्या औषध माखलेल्या स्टेंटवर सिरोलिमस आणि त्याच्या जातीची औषधं असतात. तीही पेशीचं विभाजनच रोखतात, वेगळ्या जागी खीळ घालून.

आता मामांच्या गोळीकडे येऊ. हृदय थकलं की ते एएनपी-बीएनपी भरपूर सोडतं, पण त्याचा परिणाम कमी पडतो. अँजिओटेन्सिनचा जोर वाढलेला असतो, ग्राही पहिल्यासारखे प्रतिसाद देत नाहीत, आणि रक्तातलं बरंच बीएनपी नीट न तुटलेल्या, दुबळ्या रूपात असतं. शिवाय नेप्रिलायसिन नावाचं विकर ही संप्रेरकं तोडत राहतं. मग औषध काय करतं? सॅक्युबिट्रिल हे औषध नेप्रिलायसिनला अडवतं. म्हणजे मामांना जे उतरवायचं होतं, त्यातलं काम करणारं संप्रेरक ते उलट टिकवून धरतं. नेप्रिलायसिन अँजिओटेन्सिनलाही तोडत असल्यामुळे त्याला एकट्याने अडवणं बरं नाही, म्हणून गोळीत जोडीला अँजिओटेन्सिनचा ग्राही बंद करणारं व्हॅल्सार्टन असतं. एकीकडे 'वाढू नको' म्हणणाऱ्याला बळ, दुसरीकडे 'वाढ' म्हणणाऱ्याचं तोंड बंद. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ८,३९९ रुग्णांच्या चाचणीत एनालाप्रिल या जुन्या औषधाच्या तुलनेत या जोडगोळीने हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय थकल्यामुळे दवाखान्यात भरती होण्याचा धोका २० टक्क्यांनी कमी केला. त्यातला किती भाग रक्तवाहिनीच्या भिंतीमुळे आणि किती हृदयावरचा भार उतरल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही.

ही गोळी प्रत्येकाला चालते असं नाही. रक्तदाब फार खाली जाऊ शकतो, पोटॅशियम आणि मूत्रपिंड तपासत राहावं लागतं. आधी एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर ती थांबवून ३६ तास गेल्याशिवाय ही घ्यायची नसते, नाहीतर चेहरा आणि घसा सुजण्याचा धोका असतो. आमच्याकडे माणसं बेळगावात एक डॉक्टर, मिरजेला दुसरे आणि कोल्हापूरला तिसरे असं दाखवतात. जुनी गोळी कुठली चालू आहे हे नव्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. म्हणून सगळी गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून प्रत्येक वेळी सोबत न्यायला मी मामींना सांगितलं.

आणि मीठ. हृदय ज्या मिठाला बाहेर घालवायला इतका आटापिटा करतं, तेच आपण ताटातून परत भरत असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहण्याचा, म्हणजे सगळं मिळून एक चमचा. आपण भारतीय साधारण दुप्पट खातो. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी, वर लोणचं, पापड आणि संध्याकाळी चिवडा, यात तो चमचा दुपारपर्यंतच संपतो. मामींनी चटणीच्या डब्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

एवढ्यात गेल्या आठवड्यात मामांचा पुन्हा फोन आला. ही जोडगोळी सुरू होऊन तीन महिने झाले. दम कमी आहे, एनटी-प्रोबीएनपी नऊशेवर आलंय. "तू तर म्हणालीस गोळी हार्मोन वाढवते. मग आकडा उतरला कसा?" प्रश्न बरोबर होता. नेप्रिलायसिन बीएनपीला तोडतं, एनटी-प्रोबीएनपीला तोडत नाही. म्हणून ही गोळी चालू असताना बीएनपी मोजलं तर ते औषधामुळेच वाढलेलं दिसू शकतं, पण एनटी-प्रोबीएनपी त्यामुळे वाढत नाही, हृदय किती ताणलं गेलंय ते सांगतं. मामांचं हृदय आता कमी ताणलं जातंय, त्यामुळे ते कमी हाका मारतंय. जास्त वजनाच्या माणसांत हे आकडे मुळातच कमी असतात आणि मूत्रपिंड थकलेल्यांत जास्त, म्हणून दुसऱ्याच्या रिपोर्टशी आपला ताडून पाहण्यात अर्थ नाही, हेही मी सांगितलं.

पुढच्या महिन्यात ते मिरजेला लेकीकडे जाणार आहेत आणि तपासणी तिथेच करणार आहेत. चिठ्ठीवर 'एनटी-प्रोबीएनपी' असंच लिहून घ्या, नुसतं 'बीएनपी' नको, आणि बेळगावचे दोन्ही रिपोर्ट बरोबर न्या, असं सांगून मी फोन ठेवला.